एंडोमेट्रिओसिस: नेमकं काय असतं आणि आपल्यासाठी उपचार कसा ठरवायचा

"कधी दुखतं?"
"पाळीत."

बस, एवढंच. पेनकिलर लिहून मिळाली आणि पुढचा पेशंट आत. सात वर्षांत चार वेगवेगळ्या डॉक्टरांशी माझं हेच बोलणं झालं आणि दरवेळी बाहेर पडताना वाटायचं की सगळ्याच बायकांना दुखतं, मीच बाऊ करते. पाचव्या वेळेला मी वही घेऊन गेले. त्यात एक ओळ होती, "दुसरा दिवस, सकाळी शीला बसल्यावर आत मागच्या बाजूला सुरी फिरवल्यासारखं, १० पैकी ८, दोन गोळ्या घेतल्या, काही फरक नाही, कामाला दांडी." डॉक्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे दर महिन्याला होतं का, की फक्त या वेळी झालं? सात वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी पण कधी आपणहून सांगितलं नव्हतं, कारण शीबद्दल काय बोलायचं असं वाटायचं.

म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. खाली गोळ्या-इंजेक्शनांची नावं येतील ती डॉक्टर बोलतात तेव्हा काहीतरी ओळखीचं वाटावं म्हणून आहेत, मेडिकलमधून आपल्या मनाने आणायला नाहीत.

आत नेमकं काय चाललेलं असतं

गर्भाशयाच्या आतून एक अस्तर असतं, ते दर महिन्याला जाड होतं आणि दिवस राहिले नाहीत की पाळीतून बाहेर पडतं. या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढायला लागल्या की त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. कुठे? बहुतेक वेळा अंडाशयावर, गर्भनलिकांच्या आसपास, ओटीपोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर, गर्भाशय आणि गुदाशय यांच्या मधल्या खोबणीत, कधी आतड्यावर, लघवीच्या पिशवीवर. क्वचित सिझेरियनच्या व्रणात किंवा अगदी वर छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्यावर सुद्धा, मग पाळीत खांदा दुखतो आणि कुणालाच कळत नाही की खांद्याचा आणि पाळीचा संबंध काय.

गंमत अशी की या पेशींनाही हार्मोनचा हिशोब कळतो. इस्ट्रोजेन वाढलं की त्या वाढतात, पाळीच्या वेळी त्यांतूनही रक्त सुटतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाटच नाही. मग आजूबाजूला सूज, सुजेतून व्रण, आणि व्रणांमुळे जे अवयव एकमेकांवरून सरकायला हवेत ते चिकटून बसतात. अंडाशयात हे झालं तर जुनं रक्त साठून तपकिरी, घट्टसर रक्ताने भरलेली गाठ होते, तिलाच चॉकलेट सिस्ट म्हणतात. नाव कुणी ठेवलं माहीत नाही पण ठेवणाऱ्याला ती कधी झाली नसणार.

हे का होतं याचं पक्कं उत्तर अजून नाही. जॉन सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९२० च्या दशकात मांडलं की पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांमधून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. आजही हेच कारण सगळ्यात जास्त सांगितलं जातं, पण उलटं रक्त तर बहुतेक सगळ्याच बायकांचं जातं, आजार सगळ्यांना होत नाही, म्हणजे प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता, अजून बरंच काही त्यात असणार. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून असं दिसतं की साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. आई किंवा सख्ख्या बहिणीला असेल तर आपल्याला व्हायची शक्यता वाढते. माझ्या ताईला पण आहे, तिचं पुढे येईलच. एक नक्की, तुमच्या एखाद्या सवयीमुळे हे झालं असं कुणी ऐकवलं तर सरळ दुर्लक्ष करा.

आणि तुम्ही एकट्या नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायका-मुलींना हा आजार आहे, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी. तरी निदान व्हायला कित्येकींना वर्षानुवर्षं लागतात. हा कॅन्सर नाही. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका थोडासा वाढतो हे खरं पण मुळात तो धोकाच इतका कमी असतो की त्या काळजीने झोप घालवायची गरज नाही.

कुठलं दुखणं अंगावर काढायचं नाही

पाळीत थोडं दुखणं, पहिल्या दिवशी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडणं, एखाद्या गोळीने थांबणं, हे होतं. पण गोळी घेऊनही शाळा, कॉलेज, काम बुडत असेल तर ते नॉर्मल नाही, मग तुमचं वय १५ असो की ४०. रक्त सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधीच दुखायला लागणं, संबंधांच्या वेळी वर नाही तर खोल आत दुखणं, पाळीत शी किंवा लघवी करताना कळ येणं, कंबर आणि मांड्या भरून येणं, पोट इतकं फुगणं की सकाळची पँट संध्याकाळी लागत नाही, आणि एक असा थकवा की झोपून उठलं तरी झोपच झाली नाही असं वाटतं. लघवीला जळजळ होते पण तपासणीत इन्फेक्शन निघत नाही, पोट बिघडतं पण नेमकं पाळीच्याच आठवड्यात, असल्या गोष्टी पण यात येतात आणि त्याच सगळ्यात जास्त फसवतात, कारण आपण पोटाच्या डॉक्टरकडे जातो आणि तिथे पाळीचा विषयच निघत नाही.

काही जणींना यातलं काहीच नसतं आणि मूल राहत नाही म्हणून तपासायला गेल्यावर कळतं. ताईचं तसंच झालं. उलट काहींचं दुखणं सुरुवातीला फक्त पाळीत असतं, मग हळूहळू महिनाभर पसरतं, कारण सतत दुखून दुखून मज्जासंस्थाच हळवी होते आणि साध्या गोष्टीचंही दुखणं वाटायला लागतं. हे मनाचे खेळ नाहीत, पण एवढ्यासाठीच जितकं लवकर हातात घ्याल तितकं बरं.

वही कशी ठेवायची

ॲप वापरा, कॅलेंडर वापरा, मला साधी वहीच बरी वाटते कारण डॉक्टरच्या हातात देता येते. दोन-तीन महिने पुरतात. तारीख, पाळीचा कितवा दिवस, कुठे दुखलं, १० पैकी किती, कसलं दुखणं (पिळवटणं, टोचणं, ओढल्यासारखं, जळजळ), कुठली गोळी किती वाजता घेतली आणि किती वेळाने काय फरक पडला, आणि त्या दिवशी काय करता आलं नाही. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. "खूप दुखलं" याने समोरच्याला काही कळत नाही पण "जिना चढताना मधे बसले" याने कळतं. शी, लघवी, संबंध, हे तीन शब्द लाज न बाळगता लिहा, तोंडाने बोलवत नसेल तर वही पुढे करा, मी तेच केलं.

रोज निबंध लिहू नका, कंटाळा येतो आणि आठवड्याने वही बंद होते. न दुखणाऱ्या दिवसांपुढे नुसती टिंब टाकली तरी चालतं, उलट त्या टिंबांवरूनच डॉक्टरांना दिसतं की दुखणं पाळीला धरून आहे की बारा महिने तेरा काळ.

तपासण्या, आणि नॉर्मल रिपोर्टचं काय करायचं

पहिली तपासणी बहुतेक योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी. चॉकलेट सिस्ट त्यात छान दिसते. खोल गेलेला एंडोमेट्रिओसिस पण दिसू शकतो, पण करणाऱ्याला त्याचा सराव हवा, चिकटलेला गुदाशय मशीनला आपोआप कळत नाही, तो सरकतोय का हे मुद्दाम ढकलून बघावं लागतं. शरीरसंबंध आलेले नसतील किंवा ती तपासणी नको असेल तर तसं स्पष्ट सांगा, पोटावरून किंवा गुदमार्गातून सोनोग्राफी, नाहीतर एमआरआय करता येतो. एमआरआय आतडं, लघवीची पिशवी वगैरे किती अडकलंय ते बघायला कामाचा. खोल आजार असेल तर किडन्याही बघून घ्यायला सांगा, कारण मूत्रनलिकेवर दाब आला तर किडनी काहीही न दुखता खराब होऊ शकते.

आता मोठी मेख. पडद्यावरचे बारीक डाग सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ एंडोमेट्रिओसिस नाही असा होत नाही. माझी पहिली सोनोग्राफी पूर्ण नॉर्मल होती आणि तो कागद मी तीन वर्षं स्वतःलाच दाखवत राहिले. रक्तातली सीए १२५ नावाची तपासणी काही जण लिहून देतात, तिच्यावर निदान ठरवू नये, ती इतर कितीतरी कारणांनी वाढते आणि आजार असूनही नॉर्मल येऊ शकते.

पूर्वी दुर्बिणीतून पोटात बघितल्याशिवाय निदान पक्कं मानायचेच नाहीत. युरोपातल्या ईश्रे या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांपासून ते बदललंय. लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर थेट औषध सुरू करू शकतात, आणि रिपोर्टमध्ये काही दिसत नाही किंवा औषधाचा उपयोग होत नाही किंवा औषध चालणारच नाही अशा वेळी दुर्बीण. म्हणजे नुसतं नाव कळावं म्हणून ऑपरेशन करून घ्यायचे दिवस गेले.

स्टेज १ ते ४ असं काहीतरी कागदावर लिहिलेलं असेल. ते आत किती पसरलंय, किती चिकटलंय याचं मोजमाप आहे, दुखण्याचं नाही. स्टेज १ वाली गडाबडा लोळू शकते आणि स्टेज ४ वालीला पत्ताही नसतो.

गोळीच्या आधी एक प्रश्न

माझा आणि ताईचा रिपोर्ट शेजारी ठेवला तर फरक सांगता येणार नाही. दोघींना डाव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट, साधारण चार सेंटीमीटर. मला हार्मोन मिळाले, तिला हार्मोनला हात लावू नका म्हणून सांगितलं. घरच्यांना वाटलं दोघींपैकी एकीचा डॉक्टर चुकतोय. चुकत कुणीच नव्हतं. मला दुखणं थांबवायचं होतं आणि मूल इतक्यात नको होतं, तिला काही दुखत नव्हतं आणि मूल हवं होतं. या आजारात उपचार रिपोर्टवरून ठरत नाही, तुम्हाला पुढच्या वर्ष-दोन वर्षांत काय हवंय त्यावरून ठरतो. म्हणून डॉक्टरकडे जायच्या आधी हे स्वतःशी आणि जोडीदार असेल तर त्याच्याशी बोलून घ्या. "अजून ठरलं नाही" हे पण उत्तर आहे, तसं सांगा.

कारण हा आजार मुळासकट घालवेल असं औषध आज तरी नाही. दाबून ठेवता येतो, काढता येतो, परत आला तर परत दाबता येतो.

पेनकिलर

आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, ही सूज आणि दुखणं दोन्हीवर काम करणारी मंडळी. बहुतेक जणी इथेच चुकतात, दुखणं सहन होईनासं झाल्यावर गोळी घेतात. ती दुखणं चढायच्या आधी किंवा लागल्या लागल्या घ्यायची आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने एक-दोन दिवस चालू ठेवायची, तरच पकड येते. पोटात अल्सर, किडनीचा त्रास, दमा असेल तर आधी सांगा. मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील तरी विचारून घ्या, महिन्याच्या मधल्या दिवसांत या गोळ्या अंडं सुटण्याच्या आड येऊ शकतात. पेनकिलरने आजार थांबत नाही, फक्त तो दिवस निघतो, पण दिवस निघणं ही काही छोटी गोष्ट नाही.

हार्मोन, ज्याला सगळ्या घाबरतात

मी पण घाबरत होते. कल्पना साधी आहे, त्या बाहेरच्या पेशींना वाढायला जे इस्ट्रोजेनचं खतपाणी मिळतं ते कमी करायचं आणि जमलं तर पाळीच थांबवायची. पाळी थांबली म्हणजे आत घाण साठेल असं सगळ्यांना वाटतं. साठत नाही, अस्तर जाडच होत नाही तर साठणार काय.

नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं हार्मोन) एकत्र असलेल्या, मधे खंड न पाडता सलग घेतल्या तर पाळीतलं दुखणं बरंच आटोक्यात येतं. पण डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी, पूर्वी कधी रक्ताची गुठळी झालेली, वय ३५ च्या पुढे आणि सिगरेट, यातलं काही असेल तर त्या चालत नाहीत, हे विचारायची वाट न बघता आपणच सांगायचं.

मग नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळ्या. डायनोजेस्ट रोज २ मिलिग्रॅम, किंवा नॉरएथिस्टेरॉन. मला डायनोजेस्ट दिली. पहिले अकरा आठवडे रोज थोडं थोडं डाग पडत होते, तेवढे आठवडे मी काळे कपडे सोडून काही घातलं नाही, आणि पाळी थांबवायला गोळी घेतली तर रोजच पाळी असं म्हणून एकदा बंदही करायला निघाले होते. पण सुरुवातीचे काही महिने हे असं होतंच, आधी कुणी सांगितलं असतं तर एवढी चिडचिड झाली नसती. बाराव्या आठवड्यात थांबलं आणि त्या महिन्यात पहिल्यांदा वहीत ओळीने टिंबं आली. मात्र माझा मूड पार खाली गेला, सकाळी उठून कारण नसताना रडू, आणि ते पण वहीत लिहिलेलं होतं म्हणून डॉक्टरांना पटलं. आधी डिप्रेशन झालं असेल तर ही गोळी सुरू करतानाच सांगा. अजून एक, डायनोजेस्ट घेताय म्हणून गर्भ राहणार नाही असं धरू नका, वेगळं गर्भनिरोधक लागतं आणि ते हार्मोनवालं नको, कंडोमसारखं.

मग मी मिरेना बसवली, म्हणजे गर्भाशयात बसवतात ती हार्मोनवाली कॉपर-टी, खरं तर तिच्यात कॉपर नसतंच पण सगळे तसंच म्हणतात. ती आतल्या आत थोडं थोडं लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडते, रोज गोळी लक्षात ठेवायला नको, काही वर्षं चालते. बसवताना दुखतं, खोटं कशाला बोलू, वेदना कमी करायला काय देणार ते आधीच विचारा. दर तीन महिन्यांनी घ्यायचं प्रोजेस्टिनचं इंजेक्शन पण असतं, पण ते बंद केल्यावर पाळी आणि अंडं सुटणं पूर्वपदावर यायला बरेच महिने लागू शकतात, लवकर मूल हवं असेल तर ते नको.

याने भागलं नाही तर जीएनआरएच वाली औषधं. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन ही इंजेक्शनं अंडाशयाला तात्पुरतं झोपवतात. सुरुवातीचा एखादा-दुसरा आठवडा उलट दुखणं वाढू शकतं, मग कमी होतं. पण शरीराला रजोनिवृत्ती आल्यासारखं होतं, अंगातून वाफा, घाम, झोप उडणं, आणि हाडं विरळ होणं, म्हणून सोबत थोडं हार्मोन परत देतात, त्याला ॲड-बॅक म्हणतात. ॲड-बॅक देणार का हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा. याच कुळातल्या नव्या गोळ्या म्हणजे एलागोलिक्स, जिला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, आणि रेलुगोलिक्स, जी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनसोबत एकाच गोळीत येते. यात सुरुवातीचं ते दुखणं वाढणं होत नाही. सगळीकडे मिळतातच असं नाही. डॅनाझोल नावाचं जुनं औषध कुणी लिहून दिलं तर दुसरा पर्याय विचारा, त्याने चेहऱ्यावर केस आणि आवाज जाड होणं असले प्रकार होतात, आता ते मागे पडलंय.

आणि हे नीट वाचा. हार्मोन चालू असेपर्यंत मूल राहणं कठीण असतं आणि हार्मोन घेऊन बंद केल्यावर मूल राहायची शक्यता वाढते असंही नाही. मूल हवंय आणि कुणी म्हणालं आधी सहा महिने गोळ्या घेऊन आजार सुकवू मग बघू, तर का ते विचारा, त्यात नुसतेच सहा महिने जातात.

दुर्बिणीचं ऑपरेशन

औषधाने भागत नाही, औषध चालत नाही, गाठ मोठी आहे, आतडं किंवा मूत्रनलिका अडकली आहे, किंवा मूल राहत नाही आणि आजार हलका आहे, अशा वेळी ऑपरेशनचा विषय निघतो. पोटाला दोन-चार बारीक छेद, एकातून कॅमेरा. डाग जाळतात किंवा कापून काढतात, खोल गेलेला आजार कापूनच काढावा लागतो. आतडं अडकलं असेल तर आतड्याचा सर्जन त्याच टेबलपाशी हवा, आत गेल्यावर "हे माझ्या हातचं नाही" म्हणून पोट बंद करून बाहेर आलेल्या बायका मला भेटल्यात. म्हणून असली ऑपरेशनं किती केलीत हे सरळ विचारायचं. डॉक्टरला राग आला तर तेही एक उत्तर समजा.

चॉकलेट सिस्टबद्दल दोन गोष्टी. नुसती सुई घालून उपसली तर बहुतेक वेळा परत भरते, गाठीचं आवरण काढलं तर परत यायचं प्रमाण कमी. पण आवरण सोलताना त्याबरोबर चांगली अंडीही थोडी जातात, म्हणून पुढे मूल हवं असेल तर आधी एएमएच ही अंडी किती शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्त तपासणी आणि गरज वाटली तर अंडी गोठवण्याबद्दल बोलणं, हे ऑपरेशनच्या आधी, नंतर नाही. दोन्ही बाजूंना गाठी असतील तर नक्कीच.

ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असंही नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत पाच वर्षांत साधारण ४० ते ५० टक्के जणींना परत त्रास झालेला दिसतो. लगेच मूल नको असेल तर ऑपरेशननंतर गोळ्या किंवा मिरेना चालू ठेवली की हे प्रमाण कमी होतं. नेमकं हेच राहून जातं, टाके बरे झाले की आपण फॉलोअपला जात नाही.

पिशवी, म्हणजे गर्भाशयच, काढून टाकली की प्रश्नच मिटला, हे पण ऐकायला मिळेल. आजार पिशवीच्या बाहेर असतो हे वर लिहिलंच आहे. मूल नको आहे, बाकी सगळं करून झालं, सोबत ॲडिनोमायोसिस म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीतलाच आजार आहे, अशा वेळी पिशवी काढल्याचा बऱ्याच जणींना फायदा होतो, पण बाहेरचे डाग तसेच ठेवले तर दुखणं राहू शकतं. दोन्ही अंडाशय काढले तर त्याच दिवसापासून रजोनिवृत्ती, त्यात हाडं-हृदयासाठी हार्मोन घ्यावे लागतात, तो वेगळा हिशोब.

मूल हवं असेल तर

ताईकडे येते. एंडोमेट्रिओसिस असूनही कित्येक जणींना आपोआप दिवस राहतात, हे आधी. पण ज्यांना हा आजार आहे त्यांच्यातल्या साधारण ३० ते ५० टक्के जणींना अडचण येते असं सांगितलं जातं. हलका आजार असेल तर दुर्बिणीतून डाग काढल्यावर शक्यता वाढते. वय जास्त, एएमएच कमी, नलिका बंद, किंवा पार्टनरच्या तपासणीत दोष असेल तर वेळ न घालवता आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार. पार्टनरची तपासणी पहिल्याच महिन्यात करून घ्या, बाईत आजार सापडला की त्याच्याकडे कुणी बघतच नाही. ताईला वाटत होतं आयव्हीएफच्या आधी गाठ काढलीच पाहिजे, पण नुसतं आयव्हीएफ यशस्वी व्हावं म्हणून गाठ काढण्याचा फायदा दिसलेला नाही, उलट अंडी कमी होतात. तिची गाठ तशीच ठेवून अंडी काढली.

आणि "एक मूल झालं की बरं होतं" हे सांगणाऱ्यांना नम्रपणे थांबवा. गरोदरपणात पाळी नसते म्हणून काहींना आराम पडतो, नंतर परत सुरू होऊ शकतं. मूल हे औषध नाही.

बाकीचं, थोडक्यात

गरम पिशवी खरंच काम करते. टेन्स नावाचं छोटं मशीन कंबरेला पट्ट्या लावून हलका करंट देतं, त्याने काहींना बरं वाटतं. वर्षानुवर्षं दुखल्याने ओटीपोटाचे स्नायू सतत आवळलेले राहतात, त्यासाठीचे फिजिओथेरपिस्ट वेगळे असतात, संबंधांच्या वेळचं दुखणं मला त्यांनीच जास्त कमी केलं, ते स्नायू सैल सोडायला शिकवतात, आवळायला नाही. चालणं, हलका व्यायाम, जमेल तसा. आजार मुळापासून घालवणारा कोर्स, पावडर, डिटॉक्स असलं कुणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

अचानक सहन न होणारी कळ, चक्कर, ताप, उलट्या, किंवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला तीव्र दुखणं, यात वही काढत बसायचं नाही, थेट इमर्जन्सीत जायचं. गाठ फुटलेली, अंडाशयाला पीळ पडलेला किंवा गर्भ नलिकेत राहिलेला असू शकतो.

बाकी वेळी डॉक्टरकडे जाताना वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न लिहून न्या, कारण आत गेल्यावर निम्मे विसरतात. माझ्या पानावर हे होते: हे एंडोमेट्रिओसिस असू शकतं का, नसेल तर काय वाटतंय? हे औषध किती महिने, आणि फरक पडायला किती वेळ? सुरुवातीला काय काय होईल? बंद केल्यावर पाळी आणि मूल राहणं कधी सुरळीत होईल? पुढची सोनोग्राफी कधी? आणि याने फरक पडला नाही तर पुढे काय? हा शेवटचा मी पहिल्यांदा विचारलाच नव्हता, त्यामुळे डायनोजेस्टने रडू येत होतं तेव्हा मला वाटलं आता दुसरं काही उरलंच नाही, आणि मिरेनापर्यंत पोचायला चार महिने जास्त गेले.